चार मिनिटं

बाटली डब्यातून काढली की लगेच उघडायची नसते.
आधी कोटाच्या आत, बरगडीशी धरायची,
कोंबडी अंडं धरते तशी, अर्धा तास.
थंड औषध खोटं बोलतं.

नारीनच्या वरच्या कुरणात जूनमध्येही
सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय असते.
कासिमालीने यर्टच्या दाराशी खोकं उलटं टाकलंय,
त्यावर माझी पांढरी फरशी,
फरशीवर मेणपेन्सिलीने काढलेली एकतीस वर्तुळं.

काल संध्याकाळी मानेची लोकर सारून
एकेकीची शीर शोधली.
नळ्या रात्रभर उशाशी उभ्या होत्या.
सकाळी खाली लाल गोळा,
वर ताकाच्या निवळीसारखं पिवळसर पाणी.
मला हवं असतं ते पाणी.

"यंदा अकरा गाभडल्या," कासिमाली म्हणतो.
आकडा सांगताना माणूस कुठे बघतो ते मी बघते.
तो किटलीकडे बघतो.
"गवत विषारी असेल. लांडग्याला भ्याल्या असतील.
आईच्या वेळीही व्हायचं असं."
पडलेली पिल्लं कुठे टाकलीत?
"कुत्र्यांना."
जार कोणी ओढली?
त्याची बायको असीपा हात वर करते,
वर्गात करतात तसा.
उघडा हात, भेगाळलेला.

एक थेंब निवळ, एक थेंब गुलाबी.
काडीने कालवायचं, दर वर्तुळाला नवी काडी.
मग फरशी दोन्ही हातांत घेऊन
डोलवायची,
पाळण्याहून सावकाश.
चार मिनिटं. पाचवं नाही.
पाचव्याला निरोगी थेंबही सुकतो, दाणेदार दिसतो,
आणि मेंढी फुकट मरते.

पोरगा बेक्तेन घड्याळ धरून उभा.
पहिल्या मिनिटात सगळे थेंब सारखे.
दुसऱ्यात सातवा फुटला,
दूध नासतं तसा, आधी कडेला, मग मध्ये,
गुलाबी रवा, भोवती स्वच्छ पाणी.
मग तेरावा.
एकोणीस आणि वीस एकदमच, जुळ्या बहिणींसारखे.
"चार!" बेक्तेन ओरडला.

नऊ.

बिल्ले वाचायच्या आधीच त्यांना कळतं कोण कोण.
"सात म्हणजे काळतोंडी? ती तर गाभडली नाही!
स्वतःचं वाढवून वर परक्याचंही पाजलं तिनं."
तीच.
रोग तोंडावर दिसत असता
तर मी चार तास घोड्यावर हाडं खिळखिळी करत
आले नसते, कासिमाली.
तो काही बोलत नाही. सुरी कुठे ठेवलीय
ते मात्र मुलाला विचारतो, हळू आवाजात.

विल्हेवाटीच्या रकान्यात मी नऊ आकडे लिहिते.
असीपा सायीचा वाडगा पुढे करते.
उकळलंय?
ती हसते. "उकळल्यावर त्यात उरतं काय?"
मी वाडगा खाली ठेवते.
बावीस वर्षांत पहिल्यांदा. आजवर प्रत्येक दारात
प्यायले मी, पाहुणीने नाही म्हणू नये म्हणून.

फेब्रुवारीपासून दिवेलागणीला अंग तापतं,
कमरेत कळ, पहाटे उशी ओली.
वय झालं, म्हणत होते.
म्हणजे गवत विषारी, असंच की.

रात्री सगळे निजल्यावर
बत्तिसावं वर्तुळ काढलं.
नळी कालच त्यांच्या नळ्यांत ठेवली होती, बिनबिल्ल्याची.
फरशी डोलवायला लागले तर समोर असीपा,
खांद्यावर शाल, हातात बेक्तेनचं घड्याळ.

दुसऱ्या मिनिटालाच कड धरली.
तरी चार पूर्ण केली.
मेंढीला एक नियम आणि मला दुसरा, असं कसं चालेल?

असीपाने विचारलं नाही कोणाचं.
बाही कोपरापर्यंत सारून हात पुढे केला.
रक्त सुटायला सकाळ होईल, मी म्हटलं.
"होऊ दे," ती म्हणाली,
आणि संध्याकाळचं दूध चुलीवर चढवून
उतू जाईपर्यंत
तिथंच बसून राहिली.