दोन सूत

एर्मेलिंदबाय चित्र घेऊन आली
तेव्हा ते फुलाफुलांच्या चादरीत होतं,
बसमधून आजारी पोर आणावं तसं मांडीवर धरून आणलेलं.
म्हापशाचा शुक्रवार. दुकानाच्या पायरीपर्यंत
हरमलच्या मिरच्यांचे ढीग, शिंकांवर शिंका.
"फ्रेम कर," म्हणाली, "भावाचं. शेवटचं."
मी विचारलं, वर कुठली बाजू?
तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रस्त्याकडे.
"तूच बघ रे. चौकटी तू करतोस."

सही नाही.
एक करडा पट्टा, ओल्या सिमेंटसारखा.
त्याला टेकून लाल. चिऱ्याचा लाल,
कुंकवाचा नव्हे.
मध्याच्या जरा डावीकडे काहीतरी पांढरं,
खरवडलेलं; कुंचल्यानं नव्हे, बहुतेक जेवणाच्या सुरीनं.
एक निळी रेघ येते, पांढऱ्यापाशी थांबते.
पलीकडे निघत नाही.

आठ दिवस भिंतीला टेकवून ठेवलं.
येणारा प्रत्येक जण मान तिरकी करायचा.
पुनाजी गावस, वीस वर्षं खाणीचा ट्रक चालवलेला,
लांबूनच म्हणाला, "ही आमची खाण. बंद पडल्यानंतरची.
करडं ते खड्ड्यातलं पाणी. म्हणजे लाल वर घे."
आगरवाड्याची जानकी सुनेचा लग्नातला फोटो न्यायला आली,
पैसे मोजायचे सोडून वाकून बघत राहिली:
"पांढरं ते मीठ. पण घाईनं ओढलंय,
अजून दोन दिवस उन्हात राहायला हवं होतं."
जणू चित्रकार तिच्या आगरातला नवखा गडी.
शेजारच्या रस-आमलेटवाल्याचा पोरगा म्हणाला,
"काका, हे कायच नाय."
दुपारपर्यंत मला त्याचंच पटत होतं.

रात्री शटर अर्धं ओढून
मी ते ट्यूबलाइटखाली चारही बाजूंनी फिरवलं.
तिसऱ्या खेपेला हात थांबला.
ही मानस. आमच्या खाजनातली.
करडं ते बांधाअलीकडचं शेत, पांढरी ती फळी,
भरतीचं पाणी चढत येतं आणि फळीशी उभं राहतं.
बाबा कमरेइतक्या चिखलात, फटीत पेंढा कोंबताहेत,
मला ओरडून सांगताहेत, कंदील नीट धर.
मी नीट धरला नव्हता.

पण हे माझं.
तिचा भाऊ कधी मानशीवर गेला असेल?
तो लिस्बनला, ट्रामच्या डेपोत, तिकिटांचा हिशेब ठेवायचा.
परत आला तो खोकला आणि रंगांची पेटी घेऊन.

ती आली तेव्हा विचारलं, त्यानं काही सांगितलं होतं का,
कशाचं म्हणून?
"सांगतोय कसला! जेवणाच्या टेबलावर आडवं टाकलं
आणि भोवती फिरत राहिला. आज या खुर्चीकडून, उद्या त्या.
तीन महिने आम्ही रांधणीत बसून जेवलो."

म्हणून मी चारही बाजूंना कड्या ठोकल्या.
ती हसली. कड्यांचे पैसे मी लावले नाहीत.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
चौकट प्रत्येक चित्राचे दोन सूत खाते,
चारही कडांनी. तेवढं खाल्ल्याशिवाय पकड बसत नाही.
गिऱ्हाईक विचारत नाही, आपण बोलत नाही.
या चित्राच्या एका कडेला, अगदी टोकाशी,
मोहरीएवढा पिवळा ठिपका होता.
आख्ख्या चित्रात दुसरीकडे कुठंही पिवळा नाही.
सांडला म्हणावा, तर त्यावर अंगठा दाबलेला,
अंगठ्याच्या रेषा मोजता येत होत्या.

सागवानी पट्टी बसवताना मी जरा थांबलो.
मग बसवली.

आता तिच्या साल्यात पाहुणे येत असतील,
कपातली चहा निवत, मान तिरकी करून सांगत असतील,
समुद्र, संधिकाळ, एकटेपणा.
सांगू देत.
मला कधी कुणी विचारलं तर म्हणेन,
कशाचं ते ठाऊक नाही,
पण दार उघडं राहिलेल्या घरात
आत कुणीतरी दिवा लावलेला असतो ना, तसं काहीतरी
माझ्या पट्टीखाली आहे.
किंवा नुसताच रंग सांडला असेल.
पट्टी काढायची तर खिळे उपटावे लागतील.