गव्हाळ

स्थळासाठी मामाने पत्रात लिहिलं होतं:
वर्ण गव्हाळ, बांधा सडपातळ.
सडपातळ का, ते कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

सलायना, कॅन्सस. जून.
गावाच्या कडेला धान्याचे पांढरे बुरूज
आणि चहूकडे गहू, कापणीला आलेला.
रात्रभर दिवे लावून कंबाईन फिरतात.
धुळीने तुम्हाला काही होत नाही, डॉक्टर म्हणतात.
मी तरी खिडकी लावून घेते.

एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.
तोवर हाडं सत्तरीची झाली होती.
डॉक्टर स्टेनगार्डने कागदावर दोन रेघा काढल्या:
पथ्य पाळलं तर ही बाकीच्यांच्या रेघेला
जवळजवळ चिकटते.
मी त्या जवळजवळवर बोट ठेवलं.
थोडी फट राहते, तो म्हणाला, सुरुवातीच्या वर्षांत जास्त.
लिंफोमा हा शब्द त्याने
गरम भांडं ठेवावं तसा ठेवला, दोन्ही हातांनी.

विम्याच्या फॉर्मवर रकाना होता:
आई हयात? नसल्यास वय, कारण.
अठ्ठेचाळीस.
कारण? आमच्याकडे म्हणायचे, तिच्या अंगी लागत नाही.
मग लोहाच्या गोळ्या, खजूर, कणकेचा शिरा,
आणि दुधात कुस्करलेली मऊ पोळी.
मीच भरवायचे.
मंगळवेढ्याला पोळी पाहुण्यांची, घरच्यांना भाकरी.
आजारी आईला आम्ही पाहुणी केलं होतं.
लिहिलं: अज्ञात.

पलीकडचा ड्वेन हॉफर गुरांसाठी मायलो लावतो.
कोठारात मूठ भरून घेतली:
लालसर, गोल. रंग वेगळा, पण ज्वारीच.
हे माणसं खातात? त्याने विचारलं.
पोतं दिलं, पैसे घेतले नाहीत.

ताटात पसरून निवडायला बसले.
तिसऱ्या ताटात एक गहू सापडला.
बाजूला ठेवला. बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे,
त्याच्या पोटावरची ती चीर.

पहिल्या सहा भाकऱ्या मोडल्या.
सातवी फुगली.

मंगळवारी ईशानीची तपासणी आहे.
मला कुठे काय होतंय, ती म्हणते.
मलाही कुठे काय होत होतं.
मोडकीच भाकरी घेते ती, लोणी लावून,
उभ्या उभ्या, फोन बघत.
सडपातळ आहे. सगळे म्हणतात, अगदी आईवर गेलीय.