टक्

बंद पडलेली गाडी समजून घेता येते.
ही बंद पडत नव्हती.
दहातल्या सात वेळा मुकाट सुरू व्हायची,
आठव्यांदा किल्ली फिरवली की
आत कुठेतरी एकच टक्,
जीभ टाळूला लावून सोडल्यासारखं,
आणि मग काही नाही.
दिवे लख्ख. हॉर्न ठणठणीत.

शहाण्णवची मारुती, रंग मुळात निळा.
होटगी रोडवरच्याने बॅटरी बदलली.
विजापूर वेशीतल्याने स्टार्टर उतरवून
नवे कार्बन घातले, झिजलेले माझ्या तळहातावर ठेवले
पुरावा म्हणून.
तिसऱ्याने किल्लीचं घरच बदललं.
शेजारच्या येमूलबाईंनी लिंबू-मिरची बांधली,
त्यांनी निदान पैसे घेतले नाहीत.
सगळ्यांची खात्री होती.
आणि प्रत्येकाच्या दारात गाडी
पहिल्या किल्लीला सुरू,
पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी.

अशोक चौकामागे, यंत्रमागांच्या खडखडाटात
मल्लेशम गाजूल बसतो. फक्त वायरिंग करतो.
बॉनेटमध्ये वाकून तो बराच वेळ नुसता बघत राहिला
आणि म्हणाला, "माहीत नाही."
इतक्या महिन्यांत हे कुणी म्हणालंच नव्हतं.
"वही करा ताई. तारीख, वेळ,
किती चालली, किती थांबली, ऊन का सावली.
बिघाड राहू द्या, त्याची सवय काय ते लिहा."

मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते.
ताप चढलेला असताना या, उतरल्यावर नको,
हे मीच रोज सांगते खिडकीतून.
तरी मला सुचलं नव्हतं.

९ एप्रिल. सकाळी सात. सुरू.
९ एप्रिल. दुपारी दोन, सिव्हिलसमोर, पंधरा मिनिटं थांबून. टक्.
११ एप्रिल. रात्री. सुरू.
१४ एप्रिल. कुंभारीहून येताना शेंगाचटणीला थांबले. टक्.
चटणीवाल्याने धक्का दिला, वर पाव किलो जास्त खपवली.
१५ एप्रिल. पारा चव्वेचाळीस. सुरू. का?
१७ एप्रिल. चालत गेले.
२० एप्रिल. टक्. रडले.

बावीस तारखेला कोर्टाजवळ ती पुन्हा गप्प झाली
आणि मी त्याला फोन केला, जवळजवळ आनंदाने.
तो लुनावरून आला, नायलॉनच्या पिशवीत मीटर,
मागे एक पोरगं.
"बस बे आत. सांगितल्याशिवाय फिरवू नको."
मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला,
दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला.
"फिरव."
टक्.
शून्याजवळ राहायचा काटा चारपर्यंत गेला.

"जाणारा करंट सगळे बघतात," तो म्हणाला,
"परत यायचा रस्ता कोण बघत नाही."
मग रस्त्यावरच पाठ टेकून तो खाली सरकला.
डांबर इतकं तापलेलं की
पोराने आधी गोणपाट अंथरलं.
गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक विणलेली पट्टी,
बोटभर रुंद, हिरवी पडलेली,
तिच्या बोल्टखाली गंज.
गार असताना कशीबशी टेकायची,
तापली की सुटायची. दिसायची मात्र घट्ट.

"अर्थ लागत नव्हता," तो खालून म्हणाला.
विनोद नव्हता तो.
त्याच्या धंद्यात त्या पट्टीला अर्थच म्हणतात.

पॉलिश पेपरने लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं,
नवी पट्टी, नवा बोल्ट.
एकशे वीस रुपये, लुनाच्या पेट्रोलसह.
किल्ली मी फिरवली.
सुरू झाली, आणि त्याने लगेच बंद करायला लावली,
पुन्हा, पुन्हा, अकरा वेळा,
तो हिशेब बोटांच्या पेरांवर ठेवत होता.

निघताना वही मागितली.
"राहू द्या माझ्याकडे. असं लिहून आणा म्हणून
दुसऱ्यांना दाखवता येईल."
मी दिली.
सात रस्त्याला सिग्नलवर उभी असताना,
इंजिन नीट धडधडत असताना आठवलं:
वीस तारीख खोडायची राहिली.