येतंय

तळाशीलला समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये
जेमतेम दोन हाकांएवढी जमीन आहे.
तिच्यावरच्या एका खोपीत, रापणीच्या जाळ्याला पाठ लावून
मी ॲप लिहायला बसले.
रेंज तेवढ्याच कोपऱ्यात.
भरतीला जास्त मिळते, असं भालू तांडेल म्हणतो.
मी तपासून पाहिलेलं नाही.

काम सोपं होतं: रापणीला माणसं जमवायची.
दोन दोर, चाळीस हात.
पूर्वी एकाने कुकारो घातला की वाडी धावायची.
आता निम्मी वाडी कुडाळात, वास्कोत, मस्कतला,
उरलेली कानात बोंडं घालून.
म्हणून ॲपचं नाव ठेवलं कुकारो.
चित्र भाचीने काढलं: उघडं तोंड,
आत एक बांगडा.

पहिला रकाना, तारीख.
भालू हसला. "मासळीक तारीख कोण सांगतलो?"
तारीख काढून तिथी घातली,
तिथीपुढे भरती, सुकती, वाऱ्याची दिशा.
तरी वेळ ठरेना.
पाणी काळवंडतं, पाखरं खाली येतात,
तेव्हा जमायचं असतं,
त्याआधी नाही, आणि नंतर तर नाहीच.
वैतागून मी लिहिलं:
वेळ = पाखरं
खाली लाल रेघ उमटली.

दुसरा रकाना, माणसं किती.
पेज पावलीनबाय शिजवते. तिला आकडा हवा, म्हणून दिला: चाळीस.
"बरा. पन्नासाची घालतंय."
वरचे दहा कोण, विचारलं.
"सांगनत नाय ते."
तांदूळ निवडताना तिने मान वर केली नाही.
मी रकाना तसाच सोडला.

मग बटणं.
येतंय. येत नाय. बघूया.
'येत नाय' आजवर एकानेही दाबलेलं नाही.
तोंडावर नाही म्हणायची इथे रीत नाही,
यंत्राला तोंड नसलं तरी.

कार्तिकातल्या अष्टमीला पहाटे कुकारो गेला.
त्रेचाळीस येतंय.
किनाऱ्यावर सतरा.
मी फोन धरून उभी, आकडा हिरवा,
आणि होडी जाळं सोडत पुढे निघालेली,
तिला आता परत बोलावता येत नव्हतं.

दोर ओढायला जे धावले ते यादीत नव्हतेच.
वाळूचा डंपर थांबवून दोघे,
शाळेचे नवे गुरुजी, पँट गुडघ्यापर्यंत,
आणि ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी.
भालू ज्यांच्या ट्रॉलरला रोज शिव्या घालतो
त्यांच्याच हातात त्याने दोर दिला.
पेडवे आले, थोडे बांगडे,
एक जेलीफिश, तिला कुणी हात लावला नाही.
वाटे घालताना भालू मोजत होता बोटांवर.
पेज पुरली.

दुपारी मी यादी घेऊन बसले, एकेकाला फोन.
मस्कतला अनंत कुबल उचलतो,
मागे कसलंतरी यंत्र घरघरतंय.
तू तिकडे, मग येतंय कसं दाबलंस?
"गो, घरातसून भायर पडताना मियां काय म्हटलंय?
येतंय. ता अजून पुरा होवक नाय."

मी गप्प.
लहानपणापासून ऐकलेला शब्द
बटणावर लिहिताना मला ऐकू आला नव्हता.
उंबऱ्यावर इथे जातंय कोणी म्हणत नाही.
म्हटलं तर आतून कोणीतरी ओरडतं,
परत ये, पाणी पी, मग नीट सांगून जा.

बटण बदलता आलं असतं.
'हजर' लिहिता आलं असतं, शाळेसारखं.
एकदा लिहूनही पाहिलं,
बघवेना.

संध्याकाळी जाळं वाळत पडलेलं,
खोपीत लॅपटॉपचा तेवढा उजेड.
भालू उठला, लेंग्याची रेती झटकली,
"येतंय," म्हणाला, आणि गेला.
आकडा त्रेचाळीसच.
आणि वरती, पाखरांखाली,
ती लाल रेघ.