फक्त बाटली

कायद्याने मला एकच प्रश्न विचारावा लागतो,
दिवसातून चाळीस वेळा:
आत काही पातळ, फुटणारं, नासणारं, घातक?
रोलंड प्लूर्द खोक्यावर तळवा ठेवून म्हणतो, मध.
जानेवारीत मध, मार्चमध्ये मध,
जणू व्हरमाँटच्या बर्फाखाली
एकट्या त्याच्याच मधमाश्या जाग्या.

मी खोकं उचलते. आत काहीतरी चटकन हलतं.
मध असा हलत नाही.
मध विचार करून हलतो.

शिक्का मारते.

गावाला सगळं ठाऊक आहे.
अ‍ॅन्सेल ग्रीनलीफच्या गोठ्यात गाई होत्या, तिथे आता
ओकची पिंपं आहेत, पिंपांत चेरीवर मुरलेली बिअर.
वर्षातून एका शनिवारी तो दार उघडतो.
बारा डॉलरला एक, माणशी दोन.
प्रत्येकीच्या गळ्यात त्याच्या बायकोच्या अक्षरात आकडा.
रोलंड पहाटे तीनपासून रांगेत,
मागे मेहुणा, त्यामागे मेहुण्याची आई वॉकर धरून,
जिला डॉक्टरांनी कॉफीसुद्धा बंद केली आहे.
माझी खिडकी शनिवारी एकला बंद होते.
तोवर तिथे फक्त चिखलातले बुटांचे ठसे.

अ‍ॅन्सेलने एकदा मला फोनवर जाहिरात दाखवली.
क्रमांक दोनशे सात. तीनशे चाळीस डॉलर.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात:
विक्रीला फक्त बाटली, संग्राह्य वस्तू म्हणून.
आतल्या द्रवाला किंमत नाही.

त्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"तीन वर्षं पिंपात होती," म्हणाला,
"आणि बाटली मला घाऊक पडते. पंचेचाळीस सेंट."
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
इथे मूठच विकत होते.

मग तूच वाढव ना भाव, मी म्हणाले.
"मग शाळेची बस चालवणारी डोरीन कुठून घेईल?"
डोरीनला गेली दोन वर्षं मिळालेली नाही, हे मी बोलले नाही.

रात्री मी रोलंडची वकिली करते, कुणी नेमलेलं नसताना.
खुर्च्यांचा कारखाना बंद पडला, त्याला हीच थंडी उरली;
थंडीत उभं राहणं हीसुद्धा मजुरी नाही का?
आणि टेक्ससमधल्या त्या माणसाने काय करावं,
ज्याच्या कॅलेंडरात आमचा शनिवारच नाही?
सकाळी खोकं खिडकीत येतं.
मध.
मी वकीलपत्र मागे घेते. शिक्का मारतेच.

मार्चअखेर एक खोकं ओलं झालं.
टेबलावर काळपट लाल ओघळ,
आंबट चेरी, भिजलेलं लाकूड, अगदी मागे थोडा गोठा.
नियम स्पष्ट: नोंद करा, कळवा, नष्ट करा.
फॉर्मवर लिहिलं: मध. खोडलं.
फुटक्या बुडात दोन बोटं उरली होती,
क्रमांक चारशे एकतीस.
मी दाराची कडी लावली,
काचेच्या भीतीने कॉफीच्या कागदातून गाळली,
आणि नष्ट केली
उभ्याने, कागदी कपातून.

आंबट. मग नाही. मग असं काही,
ज्याला माझ्याकडे शब्द नाही,
आणि रोलंडकडेही नसणार:
त्याने एकही कधी उघडलेली नाही.

सोमवारी तो आला. पार्सल पोचलं नाही म्हणे.
मी भरपाईचा फॉर्म सरकवला.
वस्तू कोणती? किंमत किती?
ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यासारखा
तो पेन हातात धरून उभा.
मागे तिघे खोळंबले होते.
शेवटी हळूच म्हणाला, बाटली.
फक्त बाटली.

मी माझी पर्स उघडली.
एक पावली, दोन दहाची नाणी
काउंटरवर एकाशेजारी एक ठेवली.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कचऱ्यातल्या कपाकडे,
ज्याच्या कडेला अजून लाल होतं.
काही न बोलता गेला.

नाणी कुणाची, ठरेना; गल्ल्यात टाकली.
तेव्हापासून संध्याकाळचा हिशोब
पंचेचाळीस सेंटने जास्त येतो,
आणि जास्तीसाठी आमच्याकडे फॉर्म नाही.