सेकंड माल

मे महिन्यातच आमच्या मागावर नाताळ चढतो.
बाहेर बेचाळीस, आत आम्ही बर्फ विणतोय:
लाल टॉवेल, पांढरी हरणं,
शिंगं म्हणजे वाळकी बाभळच.

अर्धा माल जर्मनीला,
उरलेला ऑस्ट्रेलियाला. तिथं म्हणे
भर उन्हात असतो नाताळ,
पोरंबाळं समुद्रात डुंबून येतात
आणि ओलं अंग पुसतात बर्फानं.

ज्या हरणाचं एक शिंग चुकलं
ते सेकंडमध्ये. म्हणजे आमचं.

आज पहाटेची उपासना झाली.
शेजारच्या बालमणीनं शेंगापोळ्या पाठवल्या होत्या,
एस्तरनं तेच ताट करंज्या भरून धाडलं,
वर झाकण म्हणून एकशिंगी हरीण.

जर्मनीत अजून उजाडलंही नसेल.

ताट संध्याकाळी परत आलं, घासूनपुसून.
टॉवेल
अजून आलेला नाही.