खाचा जुळल्या

राजारामपुरीतून तौफिकनं आणला
काडेपेटीत, कापसावर ठेवून,
सोनार नथीचा मोती आणतो तसा.
साडेचारशे रुपये. वापरलेला. गॅरंटी नाही.
"खाचा जुळतात," तो म्हणाला,
"पुढचं बोर्डाच्या मनावर."

बोर्ड सोळा वर्षांचं.
उद्यमनगरातली लोखंडी धूळ खाऊन
हिरव्याचं शेवाळी झालेलं.
नवा कॉम्प्युटर घ्या, सगळेच सांगतात.
पण इंपेलरची दोनशे बारा ड्रॉइंगं ज्या प्रोग्रामात आहेत
तो दुसऱ्या मशिनवर तोंडच उघडत नाही.

केरबा मिस्त्री लेथ थांबवून आले,
कॉटन वेस्टनं बोटं पुसत.
"जुन्या लेथला आमी एकदा तीन हॉर्सची मोटर लावलती.
पट्टा टिकला. बेअरिंग जळालं.
जोर वाईट न्हवं, मालक,
पेलणारं कोन हाय ते बगाय पायजे."

तौफिकनं जुना काढला,
वाळलेली पेस्ट खरवडली,
तांदळाच्या दाण्याएवढी नवी ठेवली,
वरून पंखा दाबला. टक. टक. टक.
चौथा कोपरा बोलेना.
परत दाबला.

स्विच.
पंखा फिरला, पडदा काळाच,
आणि बीप, बीप, बीप,
टेम्पो मागं घेताना वाजतो तसं.
मग त्यानं बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढला
आणि दहा मिनिटं
बोर्डाला सगळं विसरू दिलं.

दुसऱ्यांदा एकच बीप.
पांढऱ्या अक्षरांत: प्रोसेसर अनोळखी.
"आहे तीनचा, चालणार दोननं.
बोर्डाला एवढं पळता येत नाही,
मग हाच पाय आवरतोय."
केरबा म्हणाले, "शाना हाय म्हणायचा."

खाली तारीख: एक जानेवारी, दोन हजार आठ.
बदलायला कीबोर्डवर हात नेला
आणि राहिलो तसाच.
त्या साली शिरगुप्पे होते,
याच खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून
पात्याचा बाक अर्ध्या अंशानं हलवत.
"सायेब, तारीख," तौफिक म्हणाला.
टाकली.

सात पात्यांचा इंपेलर उघडेस्तोवर
आजवर चहा येऊन संपायचा.
तेवढ्यात केरबांचं सगळं सांगून व्हायचं:
पोरीचं नर्सिंग, गडमुडशिंगीचा प्लॉट, गुडघा.
आज टपरीचं पोरगं जिन्यातच होतं
आणि सातही पाती पडद्यावर उभी.
"झालं?"
"झालं."
चहा आला. फुंकत प्यालो.
लेथ लगेच सुरू.

चारपर्यंत डबा चांगलाच तापला.
केरबांनी वर पालथा हात ठेवला,
पोराचा ताप बघतात तसा,
मग आपला अर्धा ग्लास तिथंच टेकवला.
तौफिक असता तर ओरडला असता.
"हितं गार व्हायचा न्हाई," म्हणाले,
पायानं स्टूल ओढलं,
गुडघा धरून हळू बसले.
"तर त्या प्लॉटचं काय झालं..."